उष्टा प्याला

चर्चच्या तीन पायऱ्या चढताना तानाबाईला दोनदा थांबावं लागायचं, आणि इकडं पाळकसाहेबांना रोज नवं खूळ सुचायचं. मंडळीला यंदा, म्हणजे एकोणीसशे पंचाहत्तरला, पंचाहत्तर वर्षं होत होती. भिंतींना रंग झाला, पताका झाल्या, मटणाच्या जेवणाचं ठरलं. तेवढ्यावर भागायला काय हरकत होती? पण नाही. जयसिंग पाळकांनी मागच्या खोलीतलं कपाट उपसलं आणि धुडक्यात गुंडाळलेला एक चांदीचा प्याला काढून तिच्या पुढ्यात ठेवला. पार काळाकुट्ट झालेला.

हा घासून द्या, म्हणाले. रविवारी प्रभुभोजनाला सगळी मंडळी याच एका प्याल्यातून पिईल, येशूच्या पहिल्या शिष्यांसारखी.

तानाबाईनं प्याल्याला हात लावला नाही. गुडघ्यांचं कारण सांगून ती तिथंच भिंतीला टेकून बसली.

प्रभुभोजनाची सगळी उस्तवार तिच्याकडंच होती, चाळीस वर्षं. आदल्या दिवशी मनुका भिजवून रस काढायचा, भाकरीचे तुकडे करायचे आणि बोटाएवढे काचेचे ग्लास धुऊन पुसून ताटात मांडायचे. प्रत्येकाला वेगळा ग्लास. अमेरिकेहून अठ्ठेचाळीस आले होते, फुटत फुटत एकतीस उरले. कमी पडतील तिथं दवाखान्यातली औषध प्यायची पिटुकली मापं. ताट पुढच्या बाकांवरून फिरत यायचं, त्यामुळं मागं बसणाऱ्यांच्या वाट्याला कायम मापंच यायची. हे मुद्दाम कुणी करत नव्हतं. तसं होतच आलं होतं.

हे ग्लास का आले, ते पाळकसाहेबांना ठाऊक नव्हतं. बिचारा बाहेरगावचा माणूस, येऊन वर्ष झालेलं. मंडळीच्या बैठकीत गणपतरावांनी हरकत घेतली, एका प्याल्यानं कावीळ पसरते म्हणाले. गणपतराव मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी. सत्तरी ओलांडलेला, मानी माणूस. त्यांच्या बापानं पन्नास वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं. तेव्हा नाव क्षयाचं होतं, आता काविळीचं, एवढाच काय तो फरक.

पाळकसाहेब खोदून खोदून विचारायला लागले तेव्हा तानाबाईनं सांगून टाकलं. लपवून ठेवायचाही कंटाळा आला होता तिला.

तिची सासू बयाबाई राधानगरीकडची. गोरी मडम बैलगाडीतून चित्रं घेऊन महारवाड्यात यायची, येशूच्या गोष्टी सांगायची. बाकीच्या बाया चित्रं बघून घरी जायच्या. बयाबाईनं मात्र मडमेला अक्षरं विचारली. वर्षात वाचायला शिकली, बाप्तिस्मा घेतला, आणि मग स्वतःच जात्यावर गाणी म्हणत चार गावांत प्रभूचं नाव नेलं. तानाबाईला वाचायला शिकवलं तेही तिनंच. अशी ही बाई कोल्हापूरच्या चर्चमध्ये पहिल्यांदा प्रभुभोजनाला बसली. याच प्याल्यातून प्याली आणि प्याला शेजारी दिला. शेजारी गणपतरावांचे वडील. ते मूळचे मराठा, येशूसाठी घरदार, भाऊबंद सोडून आलेले. सगळं सोडलं होतं माणसानं, पण एवढं सुटलं नाही. त्यांनी प्याला नुसता कपाळाला लावला, भक्तिभावानं, आणि पुढं दिला. नवी सून तानाबाई मागनं बघत होती. दोन महिन्यांत काचेच्या ग्लासांची पेटी आली.

बयाबाईनं त्या ग्लासातून एक घोटही घेतला नाही. म्हणायची, "माझं उष्टं ज्या दिवशी त्येंच्या तोंडाला लागंल, त्या दिवशी मी ह्या मंडळीत आलो म्हणायचं." ती वाट बघतच गेली. तिच्यामागं तानाबाईनंही घेतला नाही. ग्लास धुवायचे, भरायचे, स्वतः मात्र प्यायचं नाही. कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. छप्पन साली तिचा भाऊ आकाराम बौद्ध झाला, तेव्हा तोंडावर म्हणाला होता की आमी ताठ हुबं ऱ्हायलो, तू आजून मागच्याच बाकावर. सासूनं शिकवलेलं पुस्तक तानाबाईला सोडवत नव्हतं, बस्स.

पाळकसाहेब म्हणाले, "आजी, मग प्याला मागच्या बाकापासून सुरू करू. तुमच्यापासून."

"नको बाबा," तानाबाई म्हणाली. "तेच पुन्यांदा बघायची ताकद न्हाय माझ्यात."

पण माणसाचं मन भारी लबाड. शनिवारी दुपारी ती रांगोळीच्या भुकटीनं प्याला घासायला बसली आणि चांदी दिसायला लागली तशी तिला आशा वाटायला लागली. मरायच्या आधी एकदा, फक्त एकदा, गणपतरावांनी आपल्यामागनं प्यावं. तरीही न जाणो म्हणून तिनं एकतीस ग्लासही धुऊन ठेवले.

रविवारी पाळकसाहेबांनी बोलल्याप्रमाणं केलं. प्याला सरळ मागं आणला. तानाबाई पन्नास वर्षांत पहिल्यांदा प्याली. मनुकांचा रस तिनंच काढलेला, तरी घशाखाली उतरताना तिला भरून आलं. मग प्याला बाकाबाकानं पुढं सरकला. कुणी प्यालं, कुणी ओठ मिटून प्याल्यासारखं केलं. तिचं तिकडं लक्ष नव्हतं. तिचे डोळे पहिल्या बाकावर.

गणपतरावांनी दोन्ही हातांनी प्याला घेतला. उचलला. आणि कपाळाला लावून पुढं दिला.

अगदी बापासारखंच. कुणाला वावगं वाटायचं कारणच नव्हतं. उलट दोघातिघांनी तर आदरानं मान डोलवली. तानाबाईला रागसुद्धा आला नाही. इतकं थकल्यासारखं झालं की शेवटच्या प्रार्थनेला तिला उठवेना.

मंडळी मांडवात जेवायला बसली. तानाबाई मागच्या नळावर प्याला आणि ग्लासांचं ताट घेऊन गेली. तिथं काठी टेकत गणपतराव आले. त्यांचा चेहरा उतरला होता. इकडंतिकडं बघून ते हळू आवाजात म्हणाले, "बापानं प्याला नुसता कपाळाला लावला तवा मी शेजारी बसलोतो, तानाबाई. आज प्यायचं ठरवूनच आलोतो. हात वर ग्येला, पर तोंड उघडलंच न्हाय. सुना, जावई, समदी बघत हुती." मग प्याल्याकडं बोट केलं. "हाय का शिल्लक?"

तळाशी घोटभर होतं. सगळ्या मंडळीचं उष्टं, आणि त्यात पहिलं तिचं.

पन्नास वर्षं मागितलं ते समोर चालून आलं होतं. प्याला नुसता पुढं करायचा, बयाबाईचा शब्द पुरा होत होता. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. आणि तेच तर तिला डाचलं.

"चला मांडवात," ती म्हणाली. "मी आणतो प्याला. चार मानसांम्होरं प्या."

गणपतरावांनी मांडवाकडं बघितलं. त्यांची थोरली सून पंगतीला रस्सा वाढत होती. बघत राहिले, बघत राहिले, आणि मग त्यांनी मान हलवली. नाही म्हणून.

तानाबाईला त्या म्हाताऱ्याची कीव आली, आणि स्वतःचीही. ताटातला एक काचेचा ग्लास तिनं उचलला, प्याल्यातला घोट त्यात ओतला आणि त्यांच्या हातात दिला. गणपतरावांनी ग्लासाकडं पाहिलं. चोरून प्यायचं तर प्याला नाही, ग्लासच, हे त्यांना समजलं. डोळे मिटून ते प्याले आणि ग्लास खाली ठेवून काठी टेकत निघून गेले.

तानाबाईनं प्याला पुसला, धुडक्यात गुंडाळला. मग तो ग्लास विसळून बाकीच्या तिसांत ठेवला. पुढच्या महिन्यात लागणारच होता.