हवा आत जायला हवी

उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. दाराच्या फटीसमोर आला तसा तो वीतभर बाहेर वळला. रजनीने उदबत्ती बाजूला घेतली, मनात तीसपर्यंत मोजलं आणि पुन्हा धरली. धूर पुन्हा तिच्याच अंगावर आला. तीन आठवडे ती रोज हे बघत होती आणि खोली सुरक्षित असल्याच्या दाखल्यावर सही न करता तो रोज तसाच पर्समधून परत नेत होती.

आत क्षयाच्या जंतूंची तपासणी व्हायची होती. अशा खोलीतली हवा फटीतून बाहेर येता कामा नये. बाहेरचीच आत ओढली गेली पाहिजे. खोली बांधली चुडामणभाऊंनी. शाहपूर-निंबोल्याकडे त्यांनी जन्मभर केळी पिकवायच्या चेंबर बांधल्या. तिथे पंखे हवा जोरात आत ढकलतात. नकाशा हातात असून त्यांनी सवयीने इथेही तेच केलं, आणि हवा बाहेर जायची वाट छताच्या काँक्रीटमध्ये अरुंदच ओतून टाकली.

"मॅडम, माझ्या चेंबरमध्ये घड कसा एकसारखा पिकतो, एक बार येऊन बघा तर."

"इथे घड नाहीत, भाऊ."

"मग जंतू कच्चे राहतील. अच्छाच आहे ना!"

उषा खळखळून हसली. दाराबाहेरच्या टेबलावर रोग्यांच्या बेडक्याच्या डब्या तीच घेणार होती. रजनीची सही होऊन सोमवारी उद्घाटन झालं की तिची नेमणूक पक्की. छत फोडायचं तर सहा महिने लागणार, आणि तोवर तिला घरी बसावं लागणार. बऱ्हाणपुरात येऊन रजनीला दोन वर्षं झाली होती. "जेवल्या का?" असं तिला विचारणारी उषा एकटीच. खोलीवर गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणाशी बोलणं होत नसे.

उषाने स्टूल ओढून दारापाशी घेतलं, डबा काढला. "या मॅडम, कळण्याची भाकर आहे. सही झाली का हो? माय रोज विचारते."

रजनी स्टुलाकडे बघत राहिली. उषाचं तोंड फटीपासून हातभर अंतरावर होतं.

"नाही झाली," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला. उषाचा हात डब्याच्या झाकणावर थांबला.

"आणि मी करणारही नाही, उषा. भाऊ, छत फोडा."