बंद यंत्रातला ओंकार

आमच्या बेंबळीत संध्याकाळचे सात वाजले की आमच्या गल्लीत चपलांचा ढीग पडायचा. ढीग एवढा मोठा, की मी माझ्याच दारातून निघताना दुसऱ्याची चप्पल घालून जायचो आणि परत येताना तिसऱ्याची घेऊन यायचो. एकदा तर फायद्यातही राहिलो.

गर्दी समोरच्या वीरप्पांकडं असायची. वीरप्पा श्रावणात वारले आणि दिवाळीनंतर बोलायला लागले. जिवंतपणी त्यांचं ऐकायला चार माणसं कधी जमली नव्हती. आता सतरंजी पुरत नव्हती.

बैठकीत दोन उंच स्पीकर, त्यांना झेंडूचे हार. मधे वीरप्पांचं गाणी वाजवायचं बटणांचं, काट्यांचं यंत्र, त्यावर हळदकुंकू. यंत्रापुढं पाटावर नादानंद महाराज. बाजूला शिवम्मावहिनी, वीरप्पांची बायको. पदर डोक्यावर, नजर स्पीकरच्या जाळीवर.

"पिन काढा!" महाराज म्हणायचे.

त्यांचा भक्त योगीराज, मांडव आणि साउंड सर्व्हिसवाला, भिंतीतली पिन काढायचा आणि सगळ्यांना दिसावी म्हणून उंच धरायचा. यंत्राचे दिवे विझायचे.

"भक्तहो, वायर म्हंजे नाडी! नाडी तुटली तरी नाद सुटत न्हाय. जपानचे तीन शास्त्रज्ञ या नादाच्या मागं लागलेत. दोघांनी तर टक्कल करून घेतलं."

तिसऱ्याचं काय झालं हे कुणी विचारत नसे, कारण तेवढ्यात स्पीकरातून 'ओंऽऽऽ' असा घनगंभीर आवाज उठायचा. अंगावर काटा यायचा. माझ्याही आला होता. मग खोकला. वीरप्पांचाच, शेवटी घसा घासणारा. आणि मग स्वच्छ शब्द: "दार लावून घे." कधी नुसतं, "येतो मी."

बाया रडायच्या. वहिनी रडायच्या नाहीत. त्या हळूच म्हणायच्या, "लावलंय हो."

तपासणी झाली नाही असं समजू नका. आम्ही काही अगदीच हे नाही. बंडप्पा, वीज मंडळातून निवृत्त झालेला, टेस्टर घेऊन आला. यंत्राला चारी बाजूंनी टेस्टर लावला, दिवा लागला नाही. खाली कपाटात एक काळं, जड, बिनबटणाचं खोकं होतं. त्यानं विचारलं, "ह्ये काय?"

"स्टेबलायझर," योगीराज म्हणाला.

"बरं, बरं," म्हणून बंडप्पानं कपाट लावलं आणि चमत्कार खरा असल्याचं जाहीर केलं. आमच्याकडं घरात नवा पाहुणा दिसला तर त्याच्या आज्यापर्यंत चौकशी होते. स्टेबलायझरची होत नाही. फ्रिजला एक, टीव्हीला एक, मोटरीला एक. विजेचा दाब असा नाचतो की काळं खोकं दिसलं की माणूस नमस्कार करून पुढं जातो.

वीरप्पांना गाण्याचं वेड. भांड्यांचं दुकान मुनिमावर सोपवलं आणि उरलेला वेळ स्पीकरांपुढं. मरणाआधी महिनाभर त्यांचं माझ्यापाशी एकच चाललं होतं. "आण्णासाहेब, यंत्र दमतंय. स्पीकर मोठे, जोर पुरंना." मग योगीराजकडून त्यांनी आणखी काहीतरी जोडून घेतलं आणि मला बोलावलं. "ऐका! तबल्यावर बोट कुठं पडतंय ते कळतंय!" मला काही कळलं नाही, पण मी मान हलवली. माणूस सुखात होता.

ते गेल्यावर घर एकदम गप्प झालं. माझं घर त्याआधी सहा-सात वर्षांपासून, बायको गेली तेव्हापासून, गप्पच होतं. दिवे लागायच्या वेळी वहिनी त्यांच्या उंबऱ्यावर बसायच्या, मी माझ्या. मधे गल्ली.

"जेवण झालं का, वहिनी?"

"झालं, भावजी. तुमचं?"

"झालं."

एवढंच रोजचं बोलणं. दोघांचंही झालेलं नसायचं. त्यामुळं त्यांच्या दारात माणसं दिसायला लागली तेव्हा, खरं सांगतो, मला बरंच वाटलं. कुणीतरी त्यांना म्हणत होतं, "अव्वा, सरका जरा, इकडं बसा."

पुढं महाराजांनी आवाजाचा अर्थ लावायला घेतला. "दार लावून घे म्हंजे काय? शंका आत येऊ देऊ नको! अन् शंका कोण आणतं? पोटची पोरगी." येत्या अमावास्येला त्या घराचं 'नादपीठ' होणार होतं. महाराज पुढच्या दोन्ही खोल्यांत आणि वहिनी मागं, चुलीजवळ. वीरप्पांची तशी इच्छा होती म्हणे. ती त्यांनी खोकून सांगितली होती.

पोटची पोरगी म्हणजे शिवप्रिया, लातूरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. अमावास्येच्या आदल्या शनिवारी ती आली. वहिनींनी दार उघडलं नाही. खिडकीच्या गजाआडून म्हणाल्या, "प्रिया, जा बाई. तू आलीस तर ते जातील."

पोरगी बॅग घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसली. मी चहा केला. माझा चहा कुणी दुसऱ्यांदा मागत नाही. तिनं तो पहिल्यांदाही पुरता घेतला नाही.

"काका, रोज फोन करत होते मी. आता उचलतसुद्धा नाही. अप्पा गेले ते गेले, अव्वा जिवंत असून गेल्यासारखी झालीय. पिन काढल्यावर कोणती वस्तू चालू राहते तिथं?"

"कुठलीच न्हाय गं. बंडप्पानं टेस्टर लावला. मशीन बंद, खाली नुसता स्टेबलायझर."

"कसला स्टेबलायझर? अप्पांनी स्टेबलायझर घेतलाच नव्हता कधी."

"काळं खोकं हाय की कपाटात. तुमची मांजर झोपती त्यावर. कपाटाचं दार नखानं उघडून आत शिरती."

तिनं कप खाली ठेवला. "या थंडीत? मांजर गार लोखंडावर झोपेल का काका?"

मी पंचवीस वर्षं लोकांच्या भाबडेपणावर लिहून हशा मिळवला. मांजरीचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सातला ती डोक्यावरून शाल घेऊन बायकांत बसली. पिन निघाली, जपानचे शास्त्रज्ञ झाले, 'ओंऽऽऽ' झालं, खोकला झाला. "दार लावून घे," वीरप्पा म्हणाले. शिवप्रिया उठून उभी राहिली.

"शंका आली!" महाराज कडाडले. "बाहेर काढा! आत्मा जाईल!"

दोघं-तिघं पुढं सरसावले. वहिनींनी हात जोडले. "प्रिया, तुझ्या पाया पडते. जा. एवढंच राहिलंय माझ्यापाशी."

"अव्वा," शिवप्रिया म्हणाली, आणि तिचा आवाज मास्तरणीचा राहिला नाही. "अप्पा लिंगैक्य झाले. त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग तू स्वतः त्यांच्या हातात ठेवलंस. ते शिवात मिळाले असं तूच मला सांगितलंस. मग या स्पीकरात कोण बसलंय?"

सगळे वहिनींकडं बघत होते. त्यांनी एकदा स्पीकरच्या जाळीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "बघ. पण हळू हात लाव."

शिवप्रियानं कपाट उघडलं. मांजर आधी बाहेर आली, तिच्या मागोमाग ऊब. बंडप्पानं पुढं होऊन खोक्यावर हात ठेवला आणि चटकन काढला. "च्यायला, तापलंय की! बंद हाय ना ह्ये?"

"हे कधीच बंद नव्हतं, बंडप्पा. याची पिन वेगळी आहे, कपाटाच्या मागं." तिनं कपाट ओढून दाखवलं. भिंतीत दुसरी पिन, सुखात बसलेली. "हा पॉवर अॅम्प्लिफायर. अप्पांनी जोर वाढवायला वेगळा घेतला होता. वरचं यंत्र म्हणजे आमच्या दुकानातला मुनीम. काय द्यायचं, किती द्यायचं ते ठरवतो. हा खालचा हमाल. पाठीवर जे टाकाल ते उचलून स्पीकरात नेऊन टाकतो, कुणाचं आहे विचारत नाही. तुम्ही रोज मुनिमाला घरी पाठवता आणि हमाल कामावरच असतो. माल मागच्या दारानं येतोय."

मागच्या दाराशी, म्हणजे खोक्याच्या पाठीशी, काडेपेटीएवढी एक डबी चिकटवलेली होती. निळा ठिपका लुकलुकत होता. कुणाच्याही मोबाइलवरचा आवाज हवेतून झेलून तो खोक्याला देणारी ती डबी. तिनं डबीची वायर ओढून काढली. स्पीकर मुके झाले.

"ओंकार कोपला!" महाराज म्हणाले. "आता कुणालाबी ऐकू येणार न्हाय!"

"ऐकवते की." शिवप्रियानं त्या वायरचं सुटलेलं टोक हातात धरलं आणि मधल्या टोचणीला तर्जनी टेकवली.

'ओंऽऽऽऽ!'

निम्म्या लोकांनी सवयीनं हात जोडले. तिनं बोट उचललं, ओंकार थांबला. टेकवलं, सुरू. उचललं, बंद.

"घरातल्या विजेच्या वायरींची बारीक गुणगुण आपल्या अंगात सतत उतरत असते. एरवी कळत नाही. हा हमाल ती उचलतो आणि डोंगराएवढी करतो. महाराजांनी तीच मोबाइलवर भरून ठेवलीय. या, लावा बोट. वायर बारीक आवाजाची आहे, झटका बसत नाही. भिंतीतल्या पिनेला मात्र असलं काही करायचं नाही."

बंडप्पानं लावलं. ओंऽऽ. दूधवाल्यानं लावलं. ओंऽऽ. मी उभ्या आयुष्यात प्राणायाम केलेला नाही. माझ्या करंगळीतून असा खर्जातला ओंकार निघाला की एका म्हातारीनं माझ्या पाया पडायची तयारी केली. रांग लागली. बेंबळीत इतके सिद्धपुरुष एकाच बैठकीत पूर्वी कधी झाले नसतील.

"महाराज, तुमीबी लावा की बोट," कुणीतरी म्हणालं. पण पाट मोकळा होता. नादपीठाचे भावी अधिपती मागच्या दारानं, चुलीजवळून, अनवाणी गेले होते.

योगीराजला मात्र जाता आलं नाही. तो दारात उभा होता आणि बंडप्पानं त्याचं मनगट धरलं होतं. हातात मोबाइल तसाच.

"म्या नुसता साउंडवाला हाय, काका," तो म्हणाला. "महाराज म्हणले, लोकाला बरं वाटतंय."

"अन् वीरप्पांचा आवाज कुठनं आणला?"

"भजनी मंडळाच्या ग्रुपवरनं. त्यांचे बोललेले मेसेज हायेत की. कापून कापून."

त्या ग्रुपवर मीही होतो. वीरप्पांना टायपिंगचा कंटाळा, सगळं बोलून पाठवायचे. शिवप्रियानं माझा मोबाइल घेतला, शोधलं आणि अख्खा मेसेज लावला. हार घातलेल्या स्पीकरांतून नाही, हातातल्या मोबाइलवरून. बारीक, घरगुती आवाजात.

"सोमवारी तबलजी येणार न्हाय, त्याच्या सासुरवाडीला लग्न हाय..." खोकला. "...अगं, दार लावून घे, मांजर शिरतंय दुधाला! ...हां, तर सातला येतो मी."

कुणी हसलं नाही. माणसं एकेक करून उठली, चपला शोधायला लागली. शेवटी आम्ही तिघंच राहिलो आणि मांजर.

वहिनी म्हणाल्या, "आवाज त्यांचाच होता."

"व्हय, अव्वा."

"मग मी वेडी न्हाय."

"न्हाईस गं." शिवप्रिया त्यांच्याजवळ बसली. वहिनींनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच ठेवला. मग उठून भाकरी टाकायला गेल्या. मला जेवलात का विचारलं नाही. ताटं तीन मांडली.

चमत्कार उघडा पाडल्याच्या कथा इथं संपतात. टाळ्या होतात, विज्ञानाचा जय होतो. मला पुढचं सांगायला हवं.

शिवप्रिया लातूरला परत गेली; नोकरी आहे. वहिनी तिच्याबरोबर गेल्या नाहीत. म्हणाल्या, फोन करत जा, दर शनिवारी ये, मी दार उघडं ठेवते. सोमवारी सात वाजले. गल्लीत एकही चप्पल नव्हती. काल ओंकार काढायला रांगेत उभी राहिलेली माणसं आपापल्या घरी मालिका बघत होती. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आता तिथं बघण्यासारखं काय होतं? एक म्हातारी.

मी उंबऱ्यावर बसलो. समोर वहिनी बसल्या. मी सवयीनं तोंड उघडलं, "जेव..."

"ते ऱ्हाऊ द्या, भावजी." त्या गल्ली ओलांडून माझ्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही अन् पोरीनं मिळून माझी संध्याकाळ बंद पाडलीत. बरं केलंत. पण आता सातला तुम्ही यायचं. गाणं ऐकायचं, भाजी निवडायची, काय करायचं ते करा. म्या एकटी बसणार न्हाय."

मी गेलो. रोज जातो. त्या दोन्ही पिना स्वतः लावतात, आधी मुनीम, मग हमाल. मला गाण्यातलं अजून काही कळत नाही.

तेव्हा वाचकहो, विनंती साधी आहे. बंद यंत्र बोलायला लागलं तर हात जोडायच्या आधी ते उघडा. काळ्या खोक्याला स्टेबलायझर म्हणून सोडून देऊ नका. त्याची वायर कुठं जाते ते बोटानं शोधा, आणि अर्थ सांगणाऱ्याला त्यातून काय मिळणार आहे तेही. आणि तुमच्या गल्लीत एखाद्या घरात दिवे लागायच्या वेळी माणूस एकटं बसत असेल, तर आज उठून तिथं जाऊन बसा. असल्या घरांचा पत्ता महाराजांना आपल्या आधी सापडतो, आणि आपण तर समोरच राहतो.