फोन स्पीकरवर होता

दर गुरुवारी दुपारी त्या घरात फोन वाजायचा आणि सगळी माणसं हातातली कामं टाकून पुढच्या खोलीत जमायची. सासूबाई खुर्चीत, नणंद उंबऱ्यात, सासरे खाटेवर चष्मा पुसत. मधोमध स्टुलावर फोन, स्पीकर चालू. आणि जिच्यासाठी तो फोन यायचा ती सून भिंतीला टेकून, तान्हं बाळ मांडीवर घेऊन बसलेली.

बाळंतपणानंतर तिचं हसू हरवलं, झोप उडाली, तेव्हा गावच्या दवाखान्यातल्या नर्सताईंनी फोनवरच्या समुपदेशनाची ही सोय करून दिली होती. लांबच्या शहरातल्या बाई दर आठवड्याला फोन करत. जाणं नाही, येणं नाही, घरबसल्या उपचार. किती बरं झालं!

बरं झालंच होतं. पण तिच्या घशात एक वाक्य अडकलं होतं. 'बाळाला आंघोळ घालताना मला माझ्याच हातांची भीती वाटते.' रोज सकाळी पाण्याच्या टबापाशी ते वर यायचं. ती गुरुवारची वाट बघायची, आणि गुरुवार आला की ते गिळून टाकायची.

"तुम्ही एकट्या आहात ना?" पलीकडून बाईंनी विचारलं.

"एकटी कशाला? आम्ही सगळे आहोत की!" सासूबाई म्हणाल्या.

"बरं. झोप लागते का?"

"लागते हो! आम्ही लवकर दिवे बंद करतो."

"आजी, मी त्यांना विचारतेय."

"तेच सांगतेय मी. आमच्यात लपवाछपवी नाही. सांग गं, बाई विचारतायत."

"बरं आहे," सून म्हणाली.

"रडू येतं का?"

"मालिका बघून आईलाच जास्त येतं!" नणंद खुसखुसली.

सगळे हसले. सूनही हसली. हसली म्हणजे बरी झालीच, नाही का?

सासूबाई दुष्ट नव्हत्या हो. बाळ रडलं की आधी त्याच उठायच्या. पण आपल्या माणसांत कसला आडपडदा, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. म्हणून उपचाराबद्दल विचारणारा फोन आला, 'समाधानी आहात का, एकपासून पाचपर्यंत किती गुण द्याल,' तेव्हाही उत्तर त्यांनीच दिलं.

"आम्ही समाधानी आहोत. पाच द्या, पाच!"

सुनेऐवजी सासूबाईंनी दिलेले ते पाच गुण ऐकून शहरातल्या बाईच अस्वस्थ झाल्या. त्यांनी नर्सताईंना कळवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सताई दारात. टबात पाणी तयार होतं. सून बाळाला घेऊन टबापाशी वाकली, थबकली, आणि तिनं बाळ सासूबाईंच्या हातात दिलं.

"पाच कुणी दिले?" नर्सताईंनी विचारलं.

"आम्हीच की."

"आजी, आजारी कोण? तुम्ही सगळे?"

"म्हणजे काय? आम्ही काय परके आहोत का?"

"बाळंतपणाच्या वेळी डॉक्टर हिला तपासत होत्या, तेव्हा पडदा कुणी ओढला होता?"

"मीच! सगळ्यांसमोर का तपासायचं असतं?"

"मग मनाची तपासणी कशी चालते सगळ्यांसमोर?"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. अरे देवा! इतके गुरुवार ही पोर चार माणसांत कोंडून बसली होती, आणि दाराला कडी मीच लावली होती!

पुढच्या गुरुवारी फोन वाजला तेव्हा त्यांनी स्वतः स्पीकर बंद केला, फोन सुनेच्या हाती दिला, बाळाला उचललं आणि सगळ्यांना बाहेर काढलं. दार ओढून घेऊन बाहेर खुर्ची टाकली.

"दार का लावलंय? भांडण झालं का?" शेजारीण डोकावली.

"तपासणी चाललीय. नंतर या."

"कुणाची?"

"तिची. आणि तिची म्हणजे तिचीच."

आतून हुंदका ऐकू आला. सासूबाई ताडकन उठल्या, हात दारापर्यंत गेला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि खुर्ची आणखी चार पावलं लांब नेली.

बऱ्याच वेळानं सून बाहेर आली. डोळे लाल, पण मान वर. "आई, बाळाला आंघोळ घालताना मला भीती वाटते. माझ्या हातांची. उद्यापासून शेजारी बसाल?"

"बसेन. आंघोळ तूच घाल. मी नुसती बसेन."

वाचकहो, फोन खेड्यापाड्यांत पोचला, मदत उंबऱ्यापर्यंत आली. आता आपलं काम एकच उरलंय, चार भिंतींतली एक खोली थोडा वेळ रिकामी करून द्यायची. आपल्या माणसावर माया करायची तर कधीकधी कान बाहेर न्यावे लागतात!

महिन्याभरानं गुण विचारणारा तो फोन पुन्हा आला. सासूबाईंनी तो उचलला आणि सरळ सुनेपुढे धरला.

"तीन," सून म्हणाली.

"तीनच?" सासूबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"हो आई. पण माझे आहेत."