लग्नाआधी मंगळम

मृदंगाच्या काळ्या ठिपक्यावर तांबडी भुकटी पडली, तेव्हा मुरलीकृष्णाने ती उपरण्याने पुसली आणि वाजवणं चालू ठेवलं. पुन्हा पडली, तशी उभ्याने कथा सांगणाऱ्या भागीरथीबाईंनी वर पाहिलं. मधल्या तुळईच्या कडेने विटांची भुकटी सरळ रेघेत झरत होती.



राजवाड्यामागच्या गल्लीतला तो जुना भजनमंडप त्या संध्याकाळी खच्चून भरला होता. दार एकच, तेही अरुंद आणि व्यासपीठाच्या अगदी समोर, दुसऱ्या टोकाला. आख्यान रुक्मिणी-स्वयंवराचं. लग्नाच्या मुली असलेल्या झाडून साऱ्या आया आल्या होत्या, कारण तंजावरच्या मराठी घरांत या कथेचा गुण येतो असं मानतात.

आणि गर्दीला आणखी एक कारण होतं, ते म्हणजे भागीरथीबाई स्वतः. वडील हनुमंतराव नावाजलेले कीर्तनकार. त्यांच्या हाताखाली तयार झालेली ही मुलगी ऐन विशीत एका नृत्यमंडळीबरोबर गायिका म्हणून निघून गेली. पेनांग झालं, नैरोबी झालं, पॅरिसही झालं. मग एक दिवस परत आली, परीक्षा दिली, महसूल खात्यात शिरली आणि जवळच्या ओरत्तनाडूला तहसीलदार होऊन निवृत्त झाली. गल्लीने तिला आधी नाचणाऱ्यांची म्हटलं, मग फायलींची म्हटलं. आता म्हातारपणी ती बापाचं आख्यान लावते म्हटल्यावर गल्ली बघायला येणारच की! बाईंनाही ते ठाऊक होतं. आयुष्यभराच्या धरसोडीनंतर ही एक गोष्ट तरी शेवटाला न्यायचीच, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. हनुमंतरावांचा दंडकच होता, आख्यान मध्ये तोडायचं नाही.

पण वादळानंतर पडक्या घरांचे पंचनामे करता करता ही भुकटी त्यांनी पुष्कळ पाहिली होती. ती झरू लागली की छताचा भरवसा उरत नाही. आणि दुसरंही पाहिलं होतं. एका निवाऱ्यात कुणीतरी "छप्पर आलं!" म्हणून ओरडलं. छप्पर जागच्या जागी राहिलं, दारातल्या चेंगराचेंगरीत मात्र दोन बायका गेल्या. तेव्हा ओरडायचं नाही. साथीदारांना हळूच मराठीत सांगायचीही सोय नव्हती. परगावी, तमिळ लोकांत, मराठी बोललं की कुणाला कळत नाही, इथे तर भिंतींनाही कळत होतं.

तुळई करकरली. मुरलीकृष्णाने मान वर केली आणि बाईंकडे पाहिलं. त्याला समजलं होतं.

बाईंना एकच सुचलं. मंगळम, म्हणजे समाप्तीचं पद, म्हटलं की लोक आपोआप उठतात, प्रसादाच्या वाटेला लागतात. त्यांनी चिपळ्या आवरल्या आणि सरळ मंगळम सुरू केलं.

कुणी हललं नाही.

उलट सगळे जास्तच घट्ट बसले. पुढच्या रांगेतल्या वेंकूबाई, नव्वदीला टेकलेल्या, काठी आपटून कडाडल्या, "अय्यो! लग्न होईना तों मंगळम कां गे म्हणतीस? नवरी तशीच ठेवून कोठें जाऊं आम्ही?"

मागून आयांचा गलका उठला. अर्ध्या लग्नावर उठून जायचं म्हणजे घरातल्या मुलीचं काय व्हायचं?  घाईत त्या नेमकं हेच विसरल्या होत्या. बापाने ऐकलं असतं तर कान उपटला असता.

आणि बापाच्याच आवाजात पुढची ओवी आठवली. लग्नाआधी रुक्मिणी अंबिकेच्या दर्शनाला जाते, गावाबाहेर, आयाबायांना बरोबर घेऊन, पायी!

"चुकलें हो, वेंकूअक्का," त्या हसून म्हणाल्या. ते हसू त्यांनी कुठून आणलं, देव जाणे. "नवरीला अंबिकेकडे न्यायचं राहिलं. आज बसून नाही न्यायचं, चालत न्यायचं. भुवना, तूं रुक्मिणी."

मागे उभं राहून साथ करणारी त्यांची भाची गोंधळली. "मी? अत्ते, मला—"

"वेंकूअक्कांचा हात धर. नवरीने मागे वळून पाहूं नये. मागून आयाबाया, मुलें. मग पुरुष. आणि हळू गे बायांनो, नवरीच्या पुढे धावतात काय कोणी?"

मुरलीकृष्णाने पालखीची संथ चाल धरली. बाई गाऊ लागल्या, "चला सयांनो, अंबेच्या दारीं." भुवना वेंकूबाईंना घेऊन निघाली. बायका उठल्या, पदर सावरत, हसत, रांगेने. कुणी चप्पल शोधत रेंगाळली की बाईंच्या जिवाचं पाणी होई, पण सूर त्यांनी ढळू दिला नाही. त्या स्वतः रांगेच्या कडेने सरकत दारापाशी आल्या आणि एकेकाला हाताने बाहेर काढू लागल्या. आत विटेचा तुकडा पडला. मृदंगाच्या आवाजात तो फारसा कुणाला ऐकू गेला नाही.

शेवटचा माणूस उंबरा ओलांडून गेला. मंडपात उरला एकटा मुरलीकृष्ण, तुळईच्या बरोब्बर खाली, मान खाली घालून वाजवत. बाईंनी हातांनी खुणा केल्या. तो पाहीना. हनुमंतरावांनीच त्यालाही घडवलं होतं. गाणारी थांबत नाही तोवर मृदंग थांबत नाही.

बाई शेवटच्या ओळीवर आल्या होत्या, "आला सावळा, धरिला—"

आणि त्यांनी तोंड मिटलं.

मृदंग अडखळला. त्याने वर पाहिलं. "सोड तें! ये रे!" बाई आता मात्र जीव खाऊन ओरडल्या. मृदंग तिथेच टाकून तो धावला. बाईंनी त्याला मनगटाला धरून गल्लीत ओढलं, तोच तुळई खाली आली. दारातून धुळीचा लोट बाहेर आला.

गल्ली किंचाळली. आया आपापल्या पोरी चाचपू लागल्या. कुणाला काही झालं नव्हतं. बाई शेजारच्या ओट्यावर मटकन बसल्या. त्यांना रडू फुटलं. लोकांना वाटलं, भीतीने. ते काही अंशी खरंही होतं.

"तोडलें मी," त्या पुटपुटल्या. "हेंही अर्धेंच राहिलें."

वेंकूबाई भुवनाचा हात धरून पुढे आल्या. केसांवर धूळ, काठी कुठेतरी राहिलेली. त्यांनी धुळीने भरलेल्या दाराकडे पाहिलं, मग बाईंच्या हाताकडे. त्या हाताने मुरलीकृष्णाचं मनगट अजून सोडलं नव्हतं.

"काय गे राहिलें?" म्हातारी म्हणाली. "एक शब्द राहिला. म्हण."

मुरलीकृष्णाने मोकळ्या हाताने मांडीवर ताल धरला. भागीरथीबाईंनी नाक पुसलं, सूर लावला, आणि साऱ्या गल्लीच्या देखत तो शब्द म्हटला.

"—हात."