एकाच जुवाला

“सावळेराम, तुझ्या फाकड्याला जरा दाबून धर. माझा लख्या ताणतोय,” सोमाजी ओरडला आणि शर्यतीच्या घाटाच्या तोंडाशी उभी माणसं हसली. अहो, हसतील नाही तर काय! निमगाव साव्यात जन्मभर एकमेकांशी चढाओढ करणारी ही दोन माणसं, आणि आज जत्रेत दोघांचे बैल एकाच गाड्याला. सोमाजीचा दुसरा बैल लंगडला होता, सावळेरामाचा दुसरा बसला होता. गावचा गाडा तर पळायलाच हवा. मग पंचांनी दोघांना दमात घेतलं आणि जू एक केलं.

सोमाजीला मात्र हे एकत्र जू सलत होतं. सावळेरामानं विहिरीवर मोटार बसवली, तेव्हा याला आपली विहीर आटल्यासारखी वाटली. त्याच्या घरावर स्लॅब पडला, त्या दिवशी म्हाळसाबाईनं, बायकोनं, वाढलेली भाकरी याच्या घशाखाली उतरली नव्हती. पण लख्याच्या बाबतीत तो कुणाला हार जाणारा नव्हता. लख्याचंही वय झालं होतं; ही त्याची शेवटची बारी, यानंतर पळणं नाही. आज साऱ्या घाटाला दिसणार होतं, कुणाचा बैल ओढतो आणि कुणाचा नुसता सोबत पळतो.

झेंडा पडला. हलगी कडाडली, टोप्या हवेत उडाल्या, धुरळ्यात काही दिसेना. सोमाजी धोतर सावरत कडेकडेनं पळत सुटला. नजर फाकड्यावर. आता मागं पडेल, आता जू तिरकं होईल. पडेल तर शप्पथ! गाडा निशाणापार गेला, भोंग्यावर पहिला नंबर पुकारला आणि सोमाजी गुलालानं लालेलाल झाला.

“सोमाजीभाऊ, काय पळाला राव लख्या! असा कंदीच पळाला न्हवता,” पोरं सांगत होती.

सोमाजी गुलाल पुसायचा थांबला. लख्याची शेवटची बारी, आणि त्यानं ती पाहिलीच नव्हती.

गर्दीतून सावळेराम त्याला शोधत आला. तोंड पार उतरलेलं.

“सोमा, माझा फाकड्या कसा पळाला रं?”

“म्हंजी? तू हितंच व्हतास ना?”

“व्हतो. पर माझा डोळा तुझ्या लख्यावरनं हलंना. जळत व्हतो, खरं सांगतो.”

 सोमाजीनं त्याला हाताला धरून बाभळीखाली बसवलं.

“ऐक. सुरवातीलाच मान खाली घालून झेप घेतली तुझ्या फाकड्यानं. चढाला तर पाय भुईला लागत न्हवता. माझी नजर ठरंना.”

एक शब्दही कमी करून सांगावा, असं त्याला वाटलं नाही. सावळेराम डोळे मिटून ऐकत होता.

“लई भारी पळाला तुझा,” सोमाजी म्हणाला आणि त्याच्या जवळ सरकला. “आता माझ्या लख्याचं सांग. सावकाश सांग.”