टकटक सर

“अहो, हात आला! टकटक कोण करणार?”

बायकोने अंथरुणातूनच हटकलं, तसे सर वाचता वाचता थबकले. स्तोत्रात देवाचा हात येऊन गेला होता आणि त्यांनी पलंगाच्या कडेवर बोट वाजवलं नव्हतं. उभा जन्म त्यांनी हेच शिकवलं होतं. चर्चचे पाळक होऊ घातलेल्या पोरांना ते शास्त्र वाचायला लावत आणि देवाचा हात, देवाचे डोळे, देवाचा राग असं काही आलं की बाकावर टकटक करायला लावत. म्हणजे, जरा थांब बाबा, देवाला हाडामांसाचा हात नाही. हे आपल्या समजुतीसाठी लिहिलंय. ख्रिस्ती मंडळीच्या पहिल्या शतकांतले पंडित हेच सांगून गेलेत, असं ते छाती ठोकून सांगत. वर्गात सुतार कामाला बसलेत की काय, असं वाटायचं. पोरांनी ‘टकटक सर’ असं नाव ठेवलं आणि ते जन्माचं चिकटलं.

घरी मात्र बायको निमूट ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. “तुमच्या देवाला हात नाहीत आणि तुम्हाला असून उपयोग नाही,” ती भांडी घासता घासता म्हणायची, “म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात!” सर हसत उठायचे आणि भांडी विसळू लागायचे. मग ती ओल्या बोटाने ओट्यावर टकटक करायची. काय दिवस होते ते! हे असंच चालत राहणार, असं तेव्हा दोघांनाही वाटायचं.

आता तिचं दुखणं विकोपाला गेलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. मुलगी स्वयंपाकघरात भाताला फोडणी देण्याचं निमित्त करून रडून घेत होती.

“खरं सांगा,” बायको म्हणाली. “वर्गातलं नको. मला भीती वाटते हो. तिकडे जाताना कुणी हात धरणार की नाही?”

नाही म्हणावं तर हिचा जीव तुटेल. नुसतं हो म्हणावं, तर हिच्यापुढे त्यांचं खोटं आजवर कधी टिकलं होतं?

“आपली पोरगी तान्ही असताना तू तिच्याशी कशी बोलायचीस?”

“बोबडं. ‘माज्या छोनुलीला भुकू लागली?’ तुम्ही मला वेड्यात काढायचात.”

“ते खोटं होतं का गं?”

“खोटं कशाला असेल? दूध खरंच पाजायचे की!”

“तेच. देव आपल्याशी बोबडं बोलतो, असं त्या जुन्या पंडितांनी म्हटलंय. हात म्हणतो, कारण आपल्याला तेवढंच कळतं. पण तिथे जे असेल ते हातापेक्षा कमी नसेल गं. जास्तच असेल.”

“मग असं सरळ सांगावं की माणसाने! पोरांना हे सांगितलंत कधी?”

“परीक्षेत विचारायचो.”

“धन्य आहे तुमची!” ती हसली, खोकली, आणि तिने बोट पलंगाच्या कडेवर ठेवलं. “हं, वाचा पुढे.”

सर वाचू लागले. डोळे आले, तिने टकटक केली. कान आले, नुसतं बोट हललं. सरांना धीर आला. खूप दिवसांनी त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा लागला होता.

मग हात आला. सर थांबले. त्यांनी तीच ओळ पुन्हा वाचली, जरा मोठ्याने.

मुलगी दारात आली तेव्हा पुस्तक जमिनीवर पडलेलं होतं, आणि सरांनी आईचा हात दोन्ही हातांत धरला होता.