नऊ जणांतले दोन एक्के

"जिंकले! पुन्हा एक्केच जिंकले!"

सुट्टीच्या दुपारी छापखान्याच्या मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. लोक कागदाच्या गठ्ठ्यांवर चढून बघत होते. पत्तेमहाराजांनी दोन एक्के स्वतःसमोर ठेवून त्यांवर फुंकर मारली, चेल्याला कुठलीही दोन पानं वाटली, मग टेबलावर पाच उघडली. हातातली आणि टेबलावरची मिळून ज्याची पाच पानं भारी, तो जिंकला. महाराज तीनदा ओळीनं जिंकले.

"एक्का म्हणजे एकच देव! माझा ताईत मुठीत असला की एक्क्यांच्या जोडीला हरवणारा अजून जन्मायचाय!"

"आणि हरली तर?" मी विचारलं. मी तिथला बाइंडर. तोंडाला कुलूप लावणं मला कधी जमलं नाही.

"तर घरात कुणाच्या तरी मनात शंका!"

वा रे पठ्ठे! पडलो तरी नाक वर.

पण मला हसू येत नव्हतं. गेल्या आठवड्यात इथेच माझ्या धाकट्या भावाला एक्क्यांची जोडी आली. मुठीत ताईत. त्यानं होतं नव्हतं ते लावलं आणि हरला. महाराजांनी निदान केलं, "तुझी बायको शंकेखोर आहे." झालं! या शहाण्यानं तिला माहेरी धाडलं. सात वर्षांचा संसार, आणि पुरावा काय, तर दोन पानं! रागानं माझ्या अंगाची लाही लाही होत होती. आज धाकटा तो ताईत शुद्ध करून घ्यायला आला होता. न झाला, तर ती कायमची तिकडेच.

म्हणून मी ताईला घेऊन आलो होतो. आमची थोरली बहीण, शाळेत गणित शिकवते.

"महाराज, तुम्ही नेहमी एकाशीच खेळता?" ताईनं विचारलं.

"सत्याला एक साक्षीदार पुरतो, बाई."

"आणि हा किती जणांत खेळला?"

"नऊ जणांत," धाकटा म्हणाला. "आपल्याकडे कुणी पानं टाकून डाव सोडत नाही ना ताई. टाकली की बायल्या म्हणतात. सगळे शेवटपर्यंत बसतात."

"मग तसंच खेळून बघू. फुंकर तुम्हीच मारा, ताईतही ठेवा."

गर्दीसमोर महाराजांना नाही म्हणता येईना. ताईनं आधी एका चेल्याविरुद्ध वीस डाव वाटले. एक्के सतरा जिंकले. टाळ्या! मग तिनं आणखी सात जण बसवले. पुन्हा वीस डाव. एक्के सात जिंकले. कधी कुणाला एकाच रंगाची पाच आली, कधी कुणाला दोन जोड्या. टाळ्या थांबल्या.

"शंका! इथे शंका शिरली!" महाराज ओरडले.

"मघाशी वीस डाव शंका बाहेर उभी होती का?" ताई म्हणाली. "गल्लीत एक कुत्रं असलं तर चुकवता येतं. आठ असली तर एखादं तरी पोटरी धरतंच. हातातल्या दोन पानांत एक्केच सगळ्यांत भारी, पण भारी म्हणजे अजिंक्य नव्हे. एकासमोर ते शंभरात पंच्याऐंशी वेळा जिंकतात, आठ जणांसमोर जेमतेम पस्तीस वेळा. महाराजांनी हातचलाखी केलीच नाही. फक्त दाखवताना एक माणूस बसवला आणि तुम्हाला नऊ जणांत पाठवलं."

गर्दीत कुणीतरी ताईत टेबलावर आपटला. महाराज चेल्याला घेऊन कधी सटकले, कळलंही नाही.

धाकट्यानं तिथूनच बायकोला फोन लावला. "तुझी काही चूक नव्हती गं. ताईनं सिद्ध करून दाखवलं. ये घरी."

मी शेजारीच होतो, त्यामुळे तिचा आवाज मलाही ऐकू आला.

"गणित सुटलं म्हणून मी निर्दोष? आणि सुटलं नसतं तर?"

तिनं फोन ठेवला.

म्हणून बाबांनो, हात जोडून सांगतो. चमत्कार दिसला की आधी विचारा, समोर किती जण बसलेत, आणि हरलेले डाव कुठे गेले? नाही विचारलंत, तर त्या हरलेल्या डावांचं खापर तुमच्याच घरातल्या कुणाच्या तरी डोक्यावर फुटेल. आमच्याकडे फुटलं. धाकटा रोज फोन करतो. ती अजून आलेली नाही.